ओढणे सोपे, थांबवणे कठीण

लॉस एंजेलिस शहराने १२ ऑक्टोबर २०१२ च्या रात्री एक विलक्षण मिरवणूक पाहिली. ‘एन्डेव्हर’ हे निवृत्त अवकाशयान विमानतळावरून शहरातील कॅलिफोर्निया सायन्स सेंटर या संग्रहालयाकडे निघाले होते. वाटेत ४०५ क्रमांकाच्या महामार्गावरून जाणारा मँचेस्टर बुलेव्हार्डचा पूल लागला. यान वाहून नेणाऱ्या अवजड वाहनाचा भार या पुलाला झेपणारा नव्हता. म्हणून यान एका हलक्या, चाके असलेल्या गाड्यावर ठेवण्यात आले आणि तो गाडा ‘टोयोटा टुंड्रा’ या पिकअप ट्रकने हळूहळू पुलापलीकडे ओढून नेला. यान आणि गाडा यांचे एकत्रित वजन सुमारे १३२ टन होते. ज्या ट्रकने ते ओढले, त्याची अधिकृत ओढण्याची मर्यादा होती जेमतेम साडेचार टनांच्या आसपास.

कंपनीने या प्रसंगाचा जाहिरातीसाठी पुरेपूर उपयोग करून घेतला, हे ओघानेच आले. मात्र या दृश्याने एक प्रश्नही उभा केला. जो ट्रक १३२ टन ओढू शकतो, त्याला साडेचार टनांचे बंधन कशासाठी? अमेरिकेत दर उन्हाळ्यात लाखो कुटुंबे आपल्या बोटी, फिरती घरे आणि सामानाचे ट्रेलर पिकअप ट्रकला जोडून सरोवरांच्या आणि समुद्राच्या दिशेने निघतात. त्यांच्या सुरक्षिततेचे सारे गणित या एका प्रश्नाच्या उत्तरात दडलेले आहे.

सपाटीवरचा खेळ

बंद पडलेली मोटार दोन माणसे ढकलत नेतात, हे दृश्य कोणत्याही शहरात दिसते. तीच मोटार उतारावरून निसटली तर दहा माणसांनाही आवरत नाही. चाकावरचे वजन सपाट रस्त्यावर संथ गतीने हलवण्यासाठी लागणारे बल त्या वजनाच्या मानाने अगदी किरकोळ, म्हणजे रबरी टायर असल्यास साधारण एक ते दोन टक्के असते. पोलादी रुळांवर ते त्याहूनही कितीतरी कमी होते. म्हणूनच ‘फोर्ड’ कंपनीला जुलै २०१९ मध्ये आपल्या विजेवर चालणाऱ्या प्रायोगिक पिकअपकडून दहा लाख पौंडांहून अधिक, म्हणजे साडेचारशे टनांवर वजनाचे रेल्वेचे डबे ओढवून दाखवता आले.

असे प्रयोग खोटे नसतात, पण ते अपुरे असतात. पुलावरच्या ‘टुंड्रा’ला चढ चढायचा नव्हता, घाट उतरायचा नव्हता, वळण घ्यायचे नव्हते आणि ताशी शंभर किलोमीटर वेगात अचानक समोर आलेल्या वाहनामागे थांबायचेही नव्हते. खऱ्या रस्त्यावर या चारही गोष्टी कराव्या लागतात. ओढणे हा त्यातला सर्वांत सोपा भाग आहे.

आकडा येतो कुठून?

पिकअप ट्रकच्या जाहिरातीत ‘ओढण्याची क्षमता’ हा आकडा सर्वांत ठळक अक्षरांत छापलेला असतो. सर्वसाधारण कौटुंबिक पिकअपसाठी तो आज चार ते सहा टनांच्या घरात असतो. व्यावसायिक कामाच्या अवजड पिकअपसाठी तर ‘फोर्ड’ने २०२३ च्या मॉडेलमध्ये ४० हजार पौंड, म्हणजे सुमारे १८ टनांपर्यंतचा दावा केला. एकेकाळी हा आकडा प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने ठरवीत असे आणि कंपन्यांतील चढाओढीत तो दरवर्षी फुगत जाई. ग्राहकाला दोन ट्रकांची प्रामाणिक तुलना करणे त्यामुळे अशक्यच होते.

या गोंधळावर तोडगा म्हणून ‘एसएई’ या अभियंत्यांच्या संस्थेने २००८ मध्ये ‘जे २८०७’ नावाचे मानक प्रसिद्ध केले. ‘टोयोटा’ने ते २०११ च्या मॉडेलपासून स्वीकारले. फोर्ड, जनरल मोटर्स आणि रॅम या तीन अमेरिकी उत्पादकांनी त्यासाठी २०१५ च्या मॉडेलपर्यंत वेळ घेतला. नव्या कसोट्यांमुळे काही ट्रकांचे छापील आकडे चक्क खाली आले.

या मानकातील सर्वांत प्रसिद्ध परीक्षा ॲरिझोना राज्यातील डेव्हिस धरणाजवळच्या चढावर होते. स्टेट रूट ६८ या रस्त्यावरील सुमारे १८ किलोमीटरच्या या पट्ट्यात रस्ता जवळपास ९०० मीटर उंची गाठतो. बाहेर किमान ३८ अंश सेल्सियस तापमान, वातानुकूलन यंत्र पूर्ण जोरात चालू आणि मागे पूर्ण भाराचा ट्रेलर, अशा स्थितीत एकेरी मागच्या चाकांच्या ट्रकचा वेग ताशी ४० मैलांखाली, म्हणजे ६४ किलोमीटरखाली येऊन चालत नाही. बारा टक्क्यांच्या चढावर थांबून पुन्हा निघण्याची क्षमता, ठरावीक सेकंदांत वेग घेण्याची क्षमता, वळणावरचे वर्तन आणि ट्रेलरचे डोलणे किती लवकर शमते, या बाबीही तपासल्या जातात.

मानक चांगले आहे. पण त्यातील एक गृहीतक सामान्य ग्राहकाच्या सहसा लक्षात येत नाही. चाचणीच्या वेळी ट्रकमध्ये प्रत्येकी ६८ किलो वजनाची दोनच माणसे धरलेली असतात. मागच्या हौद्यात सामान जवळपास नसते. सुटीवर निघालेले कुटुंब असे कधीच नसते.

पेलण्याचे गणित

ट्रेलर केवळ मागून ओढला जात नाही. त्याचा पुढे आलेला दांडा ट्रकच्या जोडावर टेकलेला असतो आणि आपल्या वजनाचा काही हिस्सा ट्रकवर टाकत असतो. अमेरिकी चालक या भाराला ‘टंग वेट’, म्हणजे जिभेवरचे वजन म्हणतात. नेहमीच्या जोडावर तो ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावा, असा संकेत आहे. बोटींच्या काही ट्रेलरांसाठी उत्पादक याहून थोडे कमी प्रमाण सांगतात. हा भार ट्रकच्या दृष्टीने ओढायचा नसून पेलायचा असतो. म्हणून तो प्रवासी आणि सामान यांच्याच खात्यात जमा होतो.

ट्रक एकूण किती पेलू शकतो, हा आकडा जाहिरातीत नव्हे, तर चालकाच्या दाराच्या चौकटीवरील छोट्या पट्टीवर छापलेला असतो. प्रवासी आणि सामान यांचे एकत्रित वजन अमुक किलोंपेक्षा अधिक असू नये, असे ती पट्टी सांगते. त्या विशिष्ट ट्रकवर बसवलेल्या सुविधा धरून हा आकडा काढलेला असल्याने एकाच मॉडेलच्या दोन ट्रकांवरही तो वेगळा असू शकतो.

एक साधे उदाहरण पाहता येईल. समजा, सुमारे २४ फुटांच्या बोटीचे माहितीपत्रकातील वजन २,३०० किलो आहे. हे बहुधा ‘कोरडे’ वजन असते. त्यात इंधन, पाणी आणि ट्रेलर धरलेले नसतात. ट्रेलरचे ६५० किलो, तीनशे लीटर पेट्रोलचे सुमारे २२० किलो आणि बॅटऱ्या, नांगर, दोरखंड, बर्फाच्या पेट्या यांचे १८० किलो मिळवल्यास बेरीज ३,३५० किलोंवर जाते. ट्रकची जाहिरातीतील क्षमता साडेचार टन असेल, तर मालक निर्धास्त होतो. अजून टनभराहून अधिक वाव आहे, असे त्याला वाटते.

आता दाराच्या पट्टीकडे वळावे. तिच्यावर ६८० किलोंची मर्यादा आहे असे धरू. ट्रेलरच्या दांड्याचा भार १२ टक्क्यांच्या हिशेबाने सुमारे ४०० किलो होतो. चौघांचे कुटुंब ३०० किलोंचे आणि हौद्यातील तंबू, सायकली, खाद्यपदार्थ मिळून १०० किलो. एकूण भरतात ८०० किलो. ओढण्याच्या मर्यादेच्या कितीतरी आत असलेला हा ट्रक पेलण्याच्या मर्यादेपेक्षा १२० किलोंनी पुढे गेलेला आहे आणि मालकाला त्याचा पत्ताही नाही.

यात तरफेचा नियमही भर घालतो. जोड हा मागच्या चाकांच्या आसापेक्षा साधारण सव्वा मीटर मागे असतो. तिथे ४०० किलोंचा दाब पडला की मागच्या आसावर प्रत्यक्षात ५३० किलोंहून अधिक भार येतो आणि पुढचा आस सुमारे १३० किलोंनी हलका होतो. ट्रकची दिशा पुढची चाके ठरवतात आणि ब्रेकचे मोठे कामही तीच करतात. ट्रकचा मागचा भाग खाली बसून दिवे आकाशाकडे पाहू लागले, तर चालकाच्या हातातील ताबा सैल झाला, असे समजायला हरकत नाही. भार पुन्हा पुढच्या आसाकडे वळवणारे, स्प्रिंगच्या दांड्यांचे खास जोड यासाठी मिळतात. मात्र ते ट्रेलरच्या ब्रेकशी जुळणारे आहेत ना, हे पाहावे लागते.

उलाळ झालेली गाडी

मग दांड्यावरचा भार कमी करून टाकला तर? हा मोह अधिक घातक आहे. बैलगाडीच्या साटीत माल मागच्या बाजूला जास्त भरला की गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि बैलांचा गाडीवरचा ताबा सुटतो. हे गाडीवानांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. ट्रेलरची गोष्ट तीच आहे, फक्त वेग वीसपट आहे.

जोडाभोवती फिरू शकणारा ट्रेलर हा आडवा टांगलेल्या लंबकासारखा असतो. शेजारून जाणाऱ्या मोठ्या ट्रकच्या वाऱ्याचा झोत, पुलावरचा आडवा वारा किंवा स्टीअरिंगला दिलेला एखादा हिसका एवढ्याने तो डोलू लागतो. वजन पुढे असेल आणि वेग मर्यादित असेल, तर हे डोलणे दोन-तीन झोक्यांत आपोआप शमते. वजन आसाच्या मागे गेले असेल, तर एका विशिष्ट वेगानंतर प्रत्येक झोका आधीच्या झोक्यापेक्षा मोठा होत जातो. मग काही सेकंदांत ट्रेलरच ट्रकला चालवू लागतो. पुष्कळदा याचा शेवट दोन्ही वाहने आडवी होण्यात होतो.

बोटीच्या बाबतीत हा धोका विशेष आहे. तिचे इंजिन मागच्या टोकाला असते आणि इंधनाची टाकीही अनेकदा मागच्या अर्ध्या भागात असते. शिवाय बोटीच्या तळाशी साचलेले पाणी काढून टाकायचे राहिले, तर प्रत्येक लीटरमागे एक किलो वजन वाढते आणि ते उतारानुसार पुढे-मागे वाहतही राहते. यासाठी बोटीचे नाक ज्या खांबाला टेकते तो खांब ट्रेलरवर पुढे-मागे सरकवून संतुलन साधावे लागते.

डोलणे सुरू झाल्यावर घाबरून ट्रकचा ब्रेक जोरात दाबणे किंवा स्टीअरिंग उलट-सुलट फिरवणे ही स्वाभाविक प्रतिक्रिया असते आणि नेमकी तीच चुकीची असते. वेग वाढवून ट्रेलर ‘सरळ करण्याचा’ प्रयत्न त्याहून वाईट. पाय वेगाच्या पेडलवरून काढून घ्यावा, स्टीअरिंग सरळ धरावे आणि ट्रेलरला विजेचे स्वतंत्र ब्रेक असतील तर फक्त तेच हाताने हळूहळू लावावेत, असे जाणकार सांगतात. त्याहून उत्तम उपाय म्हणजे मुळात वेग कमी ठेवणे. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्या वाहनाला ताशी ५५ मैल, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरची मर्यादा आहे. ५५ ऐवजी ७० मैलांनी गेल्यास वेग सव्वापट होतो, पण थांबताना जिरवावी लागणारी ऊर्जा दीडपटीहूनही अधिक होते.

उताराची परीक्षा

चढावर इंजिन थकले तर वाहन फार तर रेंगाळते. उतारावर ब्रेक थकले तर काय होते, हे सांगण्याची गरज नाही. ट्रक, बोट आणि माणसे मिळून सहा टनांचा संच ९०० मीटर उंची उतरतो, तेव्हा सुमारे १५ युनिट विजेइतकी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. एवढ्या उष्णतेत दीडशे लीटरहून अधिक पाणी उकळू शकते. ही सारी उष्णता ब्रेकच्या चकत्यांमध्ये गेली, तर त्या लालबुंद होतात, ब्रेकचे द्रव उकळू लागते आणि पेडल तळाला टेकले तरी वाहन थांबत नाही. म्हणून घाट उतरताना खालचा गिअर टाकून इंजिनाच्या विरोधाचा उपयोग करावा लागतो. आधुनिक पिकअपमधील ‘टो-हॉल’ ही व्यवस्था हेच काम आपोआप करते.

ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेत ते यासाठीच. अमेरिकेतील अनेक राज्यांत ३,००० पौंडांवरील, म्हणजे सुमारे १,३६० किलोंवरील ट्रेलरला ते बंधनकारक आहेत. कॅलिफोर्नियात ही मर्यादा १,५०० पौंडांची आहे. बोटीचा ट्रेलर पाण्यात बुडवावा लागत असल्याने त्यावर बहुतांशी विजेऐवजी ‘सर्ज’ पद्धतीचे द्रवचलित ब्रेक असतात. ट्रकचा वेग कमी झाला की मागून ट्रेलर पुढे रेटला जातो, त्या रेट्याने दांड्यातील दट्ट्या दाबला जातो आणि ट्रेलरची चाके थांबू लागतात. कल्पना साधी आणि भरवशाची आहे. मात्र चालकाला हे ब्रेक स्वतंत्रपणे लावता येत नाहीत. म्हणजे बोट डोलू लागली, तर हाताशी असलेला एक उपाय इथे नसतो. त्यामुळे वजनाचे संतुलन आणि वेग यांबाबत बोट ओढणाऱ्याला अधिकच काटेकोर राहावे लागते.

पाण्याच्या काठावर

तासभर महामार्गावर धावून आलेल्या ट्रेलरच्या चाकांचे तुंबे तापलेले असतात. ते लगेच थंड पाण्यात बुडवले की आतील हवा आकुंचन पावते आणि पाणी आत ओढले जाते. खाऱ्या पाण्याने वंगण बिघडते, बेअरिंग गंजतात आणि पुढच्या एखाद्या प्रवासात भर रस्त्यात चाकच निखळते. यासाठी वंगणाचा दाब कायम राखणारी खास टोपणे मिळतात. तरीही काठावर पोहोचल्यावर थोडा वेळ थांबून तुंबे निवू देणे हा बिनखर्चाचा उपाय आहे. महिनोन्‌महिने अंगणात उभ्या असलेल्या ट्रेलरचे टायर नक्षी शाबूत असूनही आतून जीर्ण झालेले असतात, हीदेखील नेहमीची गफलत आहे.

बोट पाण्यात उतरवण्याचा उतार शेवाळाने निसरडा असतो. ओली बोट वर खेचताना ट्रकच्या मागच्या चाकांना पकड मिळत नाही. अशा वेळी अश्वशक्तीचा काही उपयोग नसतो. चारही चाकांना गती देणारी व्यवस्था आणि चालकाचा संयम यांचाच उपयोग होतो.

बोटीच्या रुंदीलाही रस्त्याचेच बंधन आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्गांवर विशेष परवान्याविना १०२ इंच, म्हणजे सुमारे २.६ मीटर रुंदीपर्यंतच वाहन नेता येते. ट्रेलरवरून नेण्याच्या कित्येक बोटींची रुंदी नेमकी साडेआठ फूट असते, ती यामुळेच.

वजनकाट्यावरचे सत्य

इतके सारे असूनही बहुतेक राज्यांत मनोरंजनासाठी बोट ओढणाऱ्याला मोटारीचा साधा परवाना पुरतो. व्यावसायिक चालकाला मात्र एकत्रित वजन २६ हजार पौंडांवर आणि ट्रेलर १० हजार पौंडांवर गेला की वेगळी परीक्षा द्यावी लागते. भौतिकशास्त्राचे नियम हा फरक मानत नाहीत.

ते देशांच्या सीमाही मानत नाहीत. पश्चिम महाराष्ट्रात गाळप हंगामात उसाने शिगोशीग भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढत जाणारे ट्रॅक्टर हे नित्याचे दृश्य आहे. ट्रॅक्टरला त्या ओढता येतात, याबद्दल कोणालाच शंका नसते. अनेकदा ब्रेक नसलेल्या त्या ट्रॉल्या उतारावर कशा थांबणार, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

अमेरिकेतील बोटमालकाकडे या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा सोपा मार्ग आहे. महामार्गालगतच्या ट्रक थांब्यांवर सार्वजनिक वजनकाटे असतात आणि तिथे प्रत्येक आसावरचे वजन वेगळे मोजून मिळते. इंधनाची टाकी भरून, सामान लादून आणि घरची सर्व माणसे बसवून एकदा त्या काट्यावर जावे. मिळालेले आकडे दाराच्या पट्टीशी, टायरवरच्या मर्यादेशी आणि जोडावर कोरलेल्या आकड्याशी ताडून पाहावेत. यांपैकी जो आकडा सर्वांत लहान, तीच त्या संचाची खरी मर्यादा. अवकाशयान ओढणाऱ्या ट्रकमागे कोणाचीही मुले बसलेली नव्हती आणि पुढचा रस्ता पोलिसांनी मोकळा करून ठेवला होता. सुटीवर निघालेल्या कुटुंबाला या दोन्ही सवलती मिळत नाहीत.